रतीभरसाहेबांचा इलाज

बाजारात त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. ते वजनमाप खात्यातले निरीक्षक. तपासणीला आले की वाक्य ठरलेलं, "रतीभरही चालणार नाही." म्हणून दुकानदारांनीच त्यांचं नाव रतीभरसाहेब पाडलं. ते इतकं चिकटलं, की बायकोच्या मैत्रिणीसुद्धा "तुमचे रतीभर काय म्हणतात?" असं विचारायला लागल्या.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या मापातलं पाप शोधण्यात घालवली. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण, आतून कोरून पोकळ केलेली वजनं, पाच लिटर सांगून पावणेपाचच ओतणारे पेट्रोलपंप, सगळं त्यांनी पाहिलं होतं. आधी साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून जायचं, मग प्रमाण वजनांची पेटी उघडायची. त्यांचा एक ठोकताळा होता, जो दुकानदार आल्या आल्या चहा मागवतो, त्याचा काटा सगळ्यात आधी तपासायचा.

असा माणूस घरी आल्यावर डोळे मिटून बसेल, हे शक्यच नव्हतं. दुधाची पिशवी पुन्हा मोजली जायची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख भिंगातून वाचली जायची. बायको म्हणायची, "अहो, लग्नाच्या आधी मलासुद्धा तोलून पाहिलं असतं तुम्ही." त्यावर ते हसायचे नाहीत. "तेव्हा पेटी मिळाली नव्हती," एवढंच म्हणायचे.

एक गोष्ट मात्र या माणसानं तपासली नाही. शौचाला रक्त पडत होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांनी खात्याच्या कॅन्टीनवर संशय घेतला आणि तिथलं तिखट बंद केलं. मग मूळव्याध असेल म्हणून मलम आणलं. पोट कधी बांधल्यासारखं व्हायचं, कधी दिवसातून पाचदा पळवायचं. बायकोनं एकदा विचारलं तेव्हा "मूळव्याध आहे, विषय संपला" म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. असे आठ महिने गेले. मग एका दुपारी भुईकाट्याची तपासणी करताना पोटात अशी कळ आली, की ट्रकचालकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं.

दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला, सगळ्या अंगाचं स्कॅन झालं. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा डोक्यावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "रक्त किती दिवसांपासून पडतंय?"

"पंधरा दिवस," रतीभर म्हणाले. शेजारी बायको आणि मुलगी बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी मान वर न करता लिहून घेतलं.

मग त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती. तिच्यातून आजार रक्तावाटे यकृतात गेला होता. तिथं दोन्ही बाजूंना मिळून नऊ डाग होते. उजव्या फुप्फुसात एक होता, वाटाण्याएवढा.

"मग कापून काढा ना ती गाठ," रतीभर म्हणाले. "मूळ चोर तोच आहे."

"आतडं बंद झालेलं नाही, म्हणून आत्ता कापायची घाई नाही. चोराचे साथीदार बाहेर पडलेत. ऑपरेशनमध्ये दीड-दोन महिने गेले तर तेवढा वेळ त्यांना मोकळं रान मिळेल. औषध रक्तातून सगळीकडे पोचतं. आधी ते देऊ. डाग किती आटतात ते पाहू आणि मग सर्जनना विचारू."

"कधी सुरू करणार?"

"गाठीच्या तुकड्याची आणखी एक तपासणी येऊ दे. जनुकांची. कुठलं जोडऔषध लागू पडेल ते तिच्यावरून कळतं. दहाएक दिवस लागतील."

रतीभरांच्या मनात पाल चुकचुकली. आजार इतका पुढे गेलाय म्हणता आणि दहा दिवस थांबा म्हणता? शिवाय बाई 'आटोक्यात ठेवू' म्हणाल्या, 'आयुष्य वाढवू' म्हणाल्या, पण 'बरं करू' हा शब्द पाऊण तासात एकदाही आला नाही. घरी आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं. ती चाळिशीला टेकलेली, वाचनालयात नोकरी करणारी, फारशी न बोलणारी.

"तुझ्या लक्षात आलं का, त्या काय म्हणाल्या नाहीत ते?"

"आलं, बाबा."

"मग तू का नाही विचारलंस?"

"तुम्ही का नाही विचारलंत?" ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवली. औषध तिच्यातून आत जाणार होतं. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात खुर्चीवर तीन-चार तास, आणि मग कमरेला एक बाटली लटकवून घरी. बाटलीत फुगा असतो. तो हळूहळू आकसत शेहेचाळीस तासांत औषध अंगात सोडतो. जनुकांचा अहवाल चांगला आला होता आणि जोडऔषधही सुरू झालं. त्यानं चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ उठलं. बायको म्हणाली, "सोळा वर्षांचे दिसताय." डॉक्टरबाई म्हणाल्या, पुरळ येणं अपेक्षितच आहे, मलम देते. रतीभरांनी 'अपेक्षितच आहे' हे शब्द वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

प्रत्येक वेळी औषधाआधी वजन घेत. दुसऱ्या फेरीला वॉर्डातला काटा अडुसष्ट किलो चारशे म्हणाला. सकाळी घरच्या काट्यावर ते बरोबर सत्तर भरले होते.

"सिस्टर, हा काटा कमी दाखवतोय."

वॉर्डातली मुख्य परिचारिका ठेंगणी, खणखणीत आवाजाची. सगळे तिला मोठी सिस्टर म्हणत. "काका, घरचे काटे असेच असतात. चला, पुढच्यांना येऊ द्या."

"औषधाचा डोस वजनावर काढता ना? मग मला माप कमी मिळतंय."

ती हसली आणि तिथंच फसली. पंधरा दिवसांनी रतीभर आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत खात्याचं प्रमाण वजन होतं, वीस किलोचं, पितळी शिक्क्याचं. त्यांना ते उचलताना पाहून बायकोचा जीव खालीवर झाला होता, पण त्यांनी रिक्षापासून वॉर्डापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. काट्यावर वजन ठेवलं. आकडा आला, एकोणीस किलो पाचशे चाळीस.

वॉर्डात सगळे बघायला लागले. रतीभर वाकले, काट्याच्या चारही बाजूंनी बोट फिरवलं. भिंतीच्या बाजूला बोट अडकलं. काटा कोपऱ्यात इतका सरकवलेला होता, की त्याची कड भिंतीला टेकत होती. थोडा भार भिंतच उचलत होती.

"चार बोटं पुढे ओढा," ते म्हणाले.

मोठ्या सिस्टरनं स्वतः ओढला. वीस किलो, शून्य शून्य शून्य. ती म्हणाली, "फरशी पुसणाऱ्या बाईंनी सरकवला असेल. आता खाली खुणेची पट्टी चिकटवते." आणि खरंच चिकटवली.

डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं केलंत. पण खरं सांगते, त्यामुळे डोसमध्ये शंभरात एखादाच भाग फरक पडला असेल. तेवढ्यानं काही बिघडलेलं नाही."

"आज शंभरात एक, उद्या शंभरात दहा," रतीभर म्हणाले. पण त्या दिवशी घरी जाताना ते कितीतरी दिवसांनी ताठ चालले.

मग त्यांचा संशय बाटलीवर गेला. चौथ्या फेरीत त्यांनी स्वयंपाकघरातला छोटा काटा टेबलावर मांडला आणि नळी तशीच अंगाला ठेवून दर तासाला बाटली तोलायला लागले. ताशी पाच ग्रॅम कमी व्हायला हवी होती. तीनच होत होती. वॉर्डात फोन लावला. मोठी सिस्टर आता त्यांना 'घरचे काटे' वगैरे ऐकवत नव्हती. तिनं नीट विचारलं, "नळीच्या टोकाला एक कडक तुकडा आहे, तो कातडीला चिकटवलाय का?"

"खाज येते म्हणून बनियनवर घेतलाय."

"तिथंच गोम आहे. अंगाच्या उबेवर ते औषध नीट वाहतं. खाली मऊ पट्टी लावा आणि कातडीवर घ्या."

तासाभरात पाच ग्रॅम झाले. बायको दारात उभी होती. "दोष बाटलीत नव्हता तर," ती म्हणाली. रतीभरांनी आकडा लिहिला, शेरा लिहिला नाही.

पण खरी पाल चुकचुकत होती ती माणसांवरून. बायको फोन घेऊन गॅलरीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मुलगी आठवड्यातून तीनदा येत असे, ती मधेच दोन आठवडे आलीच नाही. मग आली तेव्हा माय-लेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. रतीभर आत गेले तशी मुलगी मोठ्यानं हवापाण्याबद्दल बोलायला लागली. माणूस लपवायला लागला की फार बोलतो, हे त्यांना बाजारानं शिकवलं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. एकदा दवाखान्याच्या बोळात त्यांनी पाहिलं, बायको डॉक्टरबाईंशी बोलत होती आणि बाई मान हलवत काहीतरी लिहून घेत होत्या. त्यांनी दोन आणि दोन चार केले. आपले दिवस भरलेत आणि आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

स्वतःकडेही एक झाकली मूठ होती. तिसऱ्या फेरीपासून बोटांना मुंग्या येत होत्या. थंड भांड्याला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. पुढे बोटांची टोकं बधिरच झाली. डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "मुंग्या?" ते म्हणायचे, "नाही." कारण खुर्चीवरच्या शेजाऱ्याकडून त्यांनी ऐकलं होतं, की मुंग्या सांगितल्या की औषध कमी करतात.

सहाव्या फेरीला डॉक्टरबाईंनी काही न विचारताच सांगितलं, "तीन औषधांपैकी एक आता थांबवतेय."

रतीभर खुर्चीत पुढे सरकले. "का?"

"बोटांसाठी."

"बोटांना काही झालेलं नाही."

"काका."

"मला माहितीये काय चाललंय ते. ज्याच्यात अर्थ उरला नाही त्याच्यावर औषध कशाला घालवायचं, असंच ना? तुम्ही तिघींनी मिळून ठरवलंय. बोळात बोलणी होतात, गॅलरीत फोन होतात. मी एकतीस वर्षं लोकांची लबाडी पकडलीये. मला शिकवू नका."

मुलगी खाली पाहत होती. डॉक्टरबाईंनी टेबलाचा खण उघडला. त्यातून एक टाचणी, एक शर्टाचं बटण आणि कागदाची क्लिप काढून समोर ठेवली. "डोळे मिटा आणि यातली टाचणी उचलून द्या."

रतीभरांनी डोळे मिटले. बोटं टेबलावर फिरवली. टेबल कुठं संपतं आणि वस्तू कुठं सुरू होते, तेच कळेना. ज्या बोटांनी त्यांनी आयुष्यभर चिमट्यानं मिलिग्रॅमच्या पातळ पत्र्या उचलल्या होत्या, ती बोटं लाकडाची झाली होती. शेवटी त्यांनी काहीतरी उचललं. डोळे उघडले तर हातात बटण होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

उत्तर बायकोनं दिलं. "मी सांगितलं. तुमचे शर्ट धुवायला येतात ते वरची दोन सोडून सगळी बटणं लावलेले. तुम्ही डोक्यातून काढता आणि डोक्यातून घालता. महिना झाला."

"मला न विचारता सांगितलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "हे औषध असंच रेटलं असतं तर बोटं कायमची गेली असती. पायही. त्याचं काम बरंचसं झालंय, बाकीची दोन चालूच राहतील. मी हार मानलेली नाही. मानली तर तुमच्या तोंडावर सांगेन."

परतताना मुलगी रिक्षातून तिच्या कोपऱ्यावर उतरली. घरात शिरल्यावर रतीभर चपला न काढताच खुर्चीत बसले.

"धुणं तुझ्याकडेच येतं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे आधीचंही..."

बायको समोर बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "डाग दिसत होते. आठ महिने. त्या दिवशी तुम्ही पंधरा दिवस म्हणालात, तेव्हाही मी गप्प बसले."

"का?"

"तुम्ही मूळव्याध म्हणालात. मला तेच खरं मानायचं होतं. मानलं की रात्री झोप लागायची." "तेव्हाच हाताला धरून नेलं असतं तर कदाचित एवढं पसरलं नसतं. हे मी रोज कपडे पिळताना मनात म्हणते."

"लपवलं मी. तू कशाला स्वतःवर घेतेस?"

"लपवलंत तुम्ही, झाकलं मी," ती म्हणाली. "दोघांचं मिळून एकच पातक झालं."

रतीभर उठले. त्यांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला, पण बोटांना साडीचं कापड जाणवेना, म्हणून तळहात टेकवला. तो अजून शाबूत होता.

पुढच्या खेपेला त्यांनी आल्या आल्या डॉक्टरबाईंना सांगितलं, "तुमच्या कागदावर एक चूक आहे. पंधरा दिवस नाही, आठ महिने."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, जुनं पान काढलं, आकडा खोडून नवा लिहिला. रागावल्या नाहीत. "बरेच जण कमीच सांगतात," म्हणाल्या. "इलाज त्यानं बदलत नाही. पण आता खरं बोलायचंच ठरलंय, तर तुमच्या मुलीचंही एक आहे..." आणि त्या थांबल्या. मुलीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"

मुलगी म्हणाली, "बाबा, माझीपण दुर्बिणीची तपासणी झाली. गेल्या महिन्यात. आई-वडिलांपैकी एकाला झालं तर मुलांनी करून घ्यावी म्हणतात."

रतीभरांनी विचारलं, "आणि?"

"दोन छोटे कोंब होते. तिथल्या तिथं काढले. तपासले, त्यात काही वाईट नव्हतं. पाच वर्षांनी पुन्हा बघायचं. दोन आठवडे आले नाही ते म्हणूनच. आधी सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःला दोष देत बसला असतात."

"कागद आणलायस?"

मुलीनं पर्समधून अहवाल काढला. तिला माहीतच होतं. रतीभरांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला, आणि घडी घालून परत दिला. "ठीक आहे," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज ठीक नव्हता.

त्यानंतरच्या स्कॅनमध्ये यकृतातले नऊपैकी तीन डाग दिसेनासे झाले होते आणि उरलेले निम्म्याहून लहान झाले होते. फुप्फुसातला होता तेवढाच होता. सर्जननी फोटो पाहून सांगितलं, डाग दोन्ही बाजूंना असे विखुरलेत, की सगळे काढले तर पुरेसं यकृत उरणार नाही. रतीभरांनी दुसऱ्या गावच्या दुसऱ्या सर्जनकडे फोटो नेले. तेही तेच म्हणाले. दोन वेगवेगळ्या काट्यांवर एकच वजन भरलं, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. मग हलक्या औषधांवर ते दोन वर्षं राहिले. पुरळ यायचं, जायचं. बोटांची जाण अर्धी परतली. नोकरी त्यांनी सोडली, पण भाजीबाजारात सकाळी चक्कर मारायचे आणि विक्रेते आपसूक काटे पुसायला लागायचे.

तिसऱ्या वर्षी रक्ततपासणीतला आजाराचा आकडा चढायला लागला. स्कॅनमध्ये यकृतातले दोन डाग वाढलेले दिसले. डॉक्टरबाईंनी औषध बदलायचं म्हटलं.

रतीभरांनी वहीतले प्रश्न एकेक करून विचारले. कुठलं औषध, किती दिवसांनी, जुलाब होतील का, केस जातील का. बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. वही मिटल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, जो वहीत नव्हता.

"हे किती पुरेल?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही. माझा अंदाज, काही महिने. वर्ष निघालं तर मला फार बरं वाटेल. त्यानंतरही एखादं औषध आहे, पण त्याचा जोर कमी. आणि ज्या दिवशी औषधानं सुखापेक्षा त्रासच जास्त व्हायला लागेल, त्या दिवशी आपण ते बंद करू आणि फक्त दुखणार नाही एवढं बघू."

रतीभर त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. बाईंनी नजर हलवली नाही, जास्त काही बोलल्याही नाहीत.

बाहेर बाकावर बायकोनं विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

"खरं बोलतात."

"मग सही करायची?"

"करू. पण आधी तो संमतीचा कागद इकडे दे. बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी कुठंही सही करत नाही."

बायकोनं कागद दिला, मग स्वतःचा चष्मा लावला आणि शेजारी सरकून बसली. दोघंही वाचायला लागले. पानाच्या शेवटी ती आधी पोचली आणि ते पोचेपर्यंत थांबली.